एका हाताची वही

उदगीरला नळेगाव रस्त्यावर
मैनोद्दीन मोटारसायकलच्या सीटा शिवतो.
मी गेले तेव्हा दातांत दोरा धरून
कुणाच्या तरी बुलेटची गादी उसवत होता.
म्हटलं, वहीसाठी काहीतरी शिवायचंय.
दोरा न सोडता त्यानं विचारलं,
हाथ कित्ते खाली रहते, बाई?

एवढं नेमकं आजवर कुणी विचारलं नव्हतं.
एक, म्हटलं. तोही अर्धा वेळ.
डावा गाईच्या कानाशी, बिल्ल्याचा आकडा चाचपत,
उजव्यात पेन,
आणि वही काखेत, दातांत, गुडघ्यावर,
एकदा तर भागीरथीबाईंच्या पाठीवर;
पान भरेपर्यंत बिचाऱ्या वाकून उभ्या.

कप्पे दोन हवेत.
एक नोंदवहीला, आडवी, जाड पुठ्ठ्याची:
बिल्ला, वेत, वळू, रंग,
वानेरा का बालंक्या का शेवरा.
दुसरा दुधाच्या वहीला. ती उभी, दोनशेपानी,
दर साली वेगळ्या कंपनीची,
दर साली बोटभर लांब नाहीतर आखूड.
म्हणून हिचं माप घेऊन उपयोग नाही, म्हटलं.
सीट का बी वैसाच है, तो म्हणाला,
बैठनेवाला बदलता.

पहिलं त्यानं कातड्याचं केलं. देखणं.
काळंभोर, पांढऱ्या दोऱ्याची टीप.
ते गळ्यात घालून दवणहिप्परग्याच्या गोठ्यात शिरले
आणि चंद्रीनं हुंगलं.
एकदाच.
मग मागं सरकली, दावं ताणलं,
डोळ्यांचं पांढरं दिसेपर्यंत.
मी ते बाहेर गाडीच्या हँडलला अडकवून आले.
पुन्हा वही काखेत.

सांगितलं तेव्हा मैनोद्दीन बराच वेळ गप्प.
मेरे ध्यान में आना था,
एवढंच.

दुसरं रेक्झिनचं, वेल्क्रोवालं.
उघडलं की चर्रर्र, आणि वासरं चौखूर.
तिसऱ्याला पितळी बटण. ते गाईंना फार आवडलं,
चाटून चाटून मार्च महिना पुसून टाकला.

चौथं मांडववाल्याच्या जुन्या कापडाचं,
हळदीचा डाग तसाच.
पाठीला प्लायचा पातळ तुकडा, कोपरे घासून गोल.
त्यावर रुंद इलॅस्टिक आडवं,
कसलीही वही खाली सरकवा, धरून ठेवतं.
पट्टा गळ्यात घातला तर छातीपुढं टेबल,
कमरेला बांधला तर मांडीवर,
नाहीतर खुंटीला. पेन सुतळीला.
दुकानातल्या खांबाला गाय समजून
मी डावा हात त्याच्यावर ठेवला,
उजव्यानं लिहून पाहिलं:
मैनोद्दीन. दाढी शेवरा.
त्याला वाचून दाखवलं नाही.

कप्पे मोजले तर तीन.
दोनच सांगितले होते रे.
कपडा बचा था, म्हणाला,
आणि पैसे दोनाचेच घेतले.

तिसऱ्यात मग पावत्या, शेंगदाण्यांची पुडी,
एका कानातून निसटलेला पिवळा बिल्ला.

चंद्री हाळीच्या बाजारात विकली गेली पौषात.
नोंदवहीत त्याला रकाना आहे, तारीख टाकली.
दुधाच्या वहीत रेघ मारली.
भागीरथीबाई शेण भरत होत्या, रिकाम्या खुंटीकडं पाठ करून.
लिहिलं का?
लिहिलं.
काय लिहिलं?
दोन्ही पानं पुढं धरली.
त्यांना अक्षर येत नाही, रेघ कळते.
कातड्याला भ्यायची, म्हणाल्या, ते लिहिलं का?

परतताना चौकातल्या दुकानातून
चाळीस पानांची वही घेतली, तळहाताएवढी.
तिसऱ्या कप्प्याला ती लहान पडते.
चालताना आत इकडून तिकडं सरकते,
ऐकू येतं.